ने म्हणजे हो

मी चौथी शिकलो. पाचवीत नाव घातलं त्याच साली बापानं हातात करणी दिली, आणि तिथून पन्नास वर्षं विटा, वाळू, सिमेंट. आमच्या डोंगरकडा गावात आणि आजूबाजूच्या आठ-दहा गावांत माझ्या हातची घरं उभी आहेत. कोणत्याबी भिंतीला ओळंबा लावून बघा, दोरी भिंतीला सोडणार नाही. ही फुशारकी आहे, मला माहीत आहे. पण आधी ती करून घेतो, कारण पुढं जे लिहायचं आहे त्यात फुशारकी मारावी असं काही नाही.

मला दोन लेकरं. थोरला पोरगा चाकणला कंपनीत आहे. धाकटी पोरगी त्याच्यानंतर चौदा वर्षांनी झाली. आता होणार नाही असं धरून चाललो होतो, तवा झाली. ती बाळापूरच्या कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, त्या वर्षाची ही गोष्ट. आमच्या खानदानात तिच्याएवढं कुणी शिकलेलं नव्हतं. विहारात पौर्णिमेची वंदना झाली की कुणीतरी उठून लेकरांना शिकवा म्हणून बोलायचं, आणि बायामाणसं मान वळवून माझ्याकडं बघायची. मी बघितलं नाही असं दाखवून सरळ समोर बघत बसायचो.

ती गाणी घरात कधी शिरली ते मला नेमकं सांगता येत नाही. थोरल्यानं तिला दिवाळीला टच फोन धाडला होता, अभ्यासासाठी. त्यातून आली असतील. मी कामावरून येऊन हातपाय धूत असलो की आतल्या खोलीतून धाडधाड वाजायचं, आणि त्यावर पोरांचे आवाज. शब्द एकही कळायचा नाही.

"हे चिनी गानं बंद कर," मी ओरडायचो.

"चिनी न्हाई बाबा, कोरियन."

"कोरिया कुठं आला?"

"चीनच्या बाजूला."

"मग बराबर म्हनलो की."

एकदा तिच्या लोखंडी कपाटाचं दार सैल झालं म्हणून बिजागरी बघायला गेलो, तर दाराला आतून फोटो चिकटवलेले. पाच जण. एकाचे केस गुलाबी, एकाचे नुकत्या शिजवलेल्या हळदीसारखे. गोरेपान, गालावर एक केस नाही.

"ह्या पोरी कोन?"

"पोरं हायेत बाबा."

"पोरं? मग व्हट रंगवले काहून?"

"तिथं रंगवतेत."

"त्यांच्या बापानं बघितलं न्हाई का?"

तिची माय गॅसपाशी भाकरी थापत होती. ती तिथूनच बोलली, "तुमी लग्नात डोळ्यात काजळ घालून अन् गालाला तीट लावून बसले व्हते, तवा तुमच्या बापानं बघितलंच व्हतं की."

"ते नजर लागू नये म्हनून."

"त्यांनाबी लागत असंल."

दोघी हसल्या. मीबी थोडा हसलो असेन. तोवर गोष्ट हसण्यावारीच होती. पोरगी मला सांगायची, तिथंबी विहार हायेत बाबा, डोंगरात, लाकडाचे, आपल्यासारखेच बुद्ध. मी म्हणायचो, मग त्या विहारात ह्या पोरांना ह्या अवतारात येऊ देतेत का ते इचार.

पण हळूहळू ते मला टोचायला लागलं. ती आणि तिची माय संध्याकाळी तिकडच्या मालिका बघत बसायच्या. खाली इंग्रजी अक्षरं यायची, ती पोरगी वाचायची आणि मायला सांगायची. मग दोघींच्या बोलण्यात तिकडचे शब्द यायला लागले. मी आत आलो की एकमेकींकडं बघायच्या. एका दिवशी जेवताना मी पोरीला इचारलं, "भाकर घेतीस का अजून?" ती फोनमधी बघत बोलली, "आनी."

मी टोपल्यात हात घातला. "आनी काय? भाजीबी?"

माय-लेकी अशा हसल्या की पोरीला ठसका लागला. मी ताटावरून उठलो. मालकांची लेकरं माझ्यासमोर इंग्रजीत बोलतात ते मला चालतं, ती दुसऱ्याची लेकरं. स्वतःच्या घरात, स्वतः बांधलेल्या भिंतींच्या आत, मला न कळेल अशा भाषेत कुणी हसावं हे मला सहन झालं नाही. काय झालं ते मी इचारलं नाही. त्यांनीबी मग सांगितलं नाही. इचारलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मग तो दिवस आला. वारंग्याला एका घराचं काम चालू होतं. सिमेंटची गाडी आली नाही, म्हणून मी दुपारीच परत आलो. पोरीची माय बचतगटाच्या मीटिंगला गेलेली. दार ढकललं तर आतल्या खोलीतून पोरीचा आवाज. फोनवर बोलून राहिली होती, हळू आवाजात, मधीच हसत.

मी दाराआड उभा राहिलो. बापानं असं उभं राहू नये, पण राहिलो.

"आप्पा..." असं काहीतरी म्हणाली. मग "ने." थोडं थांबून पुन्हा, "ने, ने!" मग आमच्या भाषेत, "घरी न्हाई सांगितलं अजून. बाबा लई तमाशा करतील. कपडे तुझ्याकडंच राहू दे. उद्या येते की मी."

माझ्या कानात रक्त चढलं. आप्पा, ने. पोरगी कुणाला तरी मला घेऊन जा म्हणून राहिली, कपडे आधीच पोचवलेत, आणि उद्याचा वायदा. यात न कळण्यासारखं काय होतं? चौथी शिकलेल्या माणसालाबी कळतं. मी दार लोटलं.

"आप्पा कोन?"

ती दचकली. फोन खाली घेतला. "कोन आप्पा?"

"ज्याला तू 'ने' म्हनून राहिलीस तो."

ती आधी माझ्याकडं बघत राहिली, आणि मग हसली. लहान होती तवा हसायची तसं, पोट धरून. आज मला कळतं की ज्याच्या मनात काळं आहे त्याला असं हसता येत नाही. त्या वेळी वाटलं, ही माझ्या तोंडावर हसून राहिली.

"आप्पा न्हाई बाबा, ओप्पा. ओप्पा म्हंजे मोठा भाऊ. ते गानारे हायेत न, त्यांना सगळ्या पोरी ओप्पाच म्हन्तेत. माझी मैत्रीन व्हती फोनवर, टेलर मामूंची पोरगी. आमी कोरियन बोलून बघत व्हतो. अन् 'ने' म्हंजे हो."

"हो म्हनायला 'हो' हाय की. 'व्हय' हाय, 'जी' हाय. 'ने' काहून म्हनावं लागलं?"

"त्यांच्या भाषेत तसंच हाय."

"अस्सं? मग न्हाई म्हनायचं आसलं तर काय म्हन्तेत, 'आन'?"

ती खाली बघून पुटपुटली, "आनी."

आता सांगा, कुण्या बापानं यावर विश्वास ठेवला असता? ने म्हणजे हो आणि आनी म्हणजे नाही. माझं हाड न् हाड पेटलं. ही मला अडाणी समजून खेळवून राहिली, दुसरं काही मनात आलंच नाही. फोन तिच्या हातातून हिसकला आणि माझ्या सामानाच्या पिशवीत, करणी-थापीच्या खाली टाकला. ती तिच्या मैत्रिणीला फोन लावून देते म्हणत होती, तुमीच बोला तिच्याशी म्हणत होती. मी ऐकलं नाही. तिची माय आली, तीबी म्हणाली, पोरगी खरं बोलती. मी म्हणालो, तू तिला सामील हायेस.

आमच्या भागात आप्पा चिक्कार. किराणावाले आप्पा, सोसायटीचे आप्पा, भजनातले आप्पा. पण माझ्या पोरीला रोज नेणारा आप्पा एकच होता. डोंगरकडा ते बाळापूर काळी-पिवळी जीप चालवणारा. चाळिशीचा माणूस, घरी बायको, दोन पोरी. पोरगी कॉलेजला जाताना त्याच्याच गाडीत मागच्या बाकावर बसायची. मी रात्रभर ते जोडत बसलो. विटेवर वीट, आणि मला वाटत राहिलं की भिंत सरळ चालली आहे.

सकाळी स्टँडवर गेलो. गाडी भरत होती. आप्पा बोनेटला टेकून चहा पीत होता.

"या मिस्तरी, आज सकाळी सकाळी?"

मी त्याची कॉलर धरली. "माझ्या पोरीला कुठं न्यायचं ठरवलंस रे तू?"

तो बावरला. "बाळापूरला," म्हणाला. "रोजच नेतो की."

गाडीत मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्यानं माझा तोल गेला. मग मी जे बोललो ते इथं लिहिणार नाही. त्याचं नाव घेऊन बोललो, आणि तिचंबी. पन्नास माणसं असतील तिथं. हॉटेलवाला झारा हातात धरून थांबला. आप्पाच्या हातातला चहा त्याच्याच शर्टावर सांडला होता, तरी तो हलला नाही. त्याचे डोळे माझ्या खांद्यावरून मागं गेले, म्हणून मी वळून बघितलं.

पोरगी उभी होती. पाठीवर दप्तर, दोन वेण्या, कॉलेजचा ड्रेस. तिनं सगळं ऐकलं होतं. आली तशी परत फिरली आणि घराकडं चालायला लागली. रस्त्यात दोन्ही बाजूंनी लोक तिच्याकडं बघत होते, आणि ती त्यांच्या मधून, न पळता, चालत गेली.

मी एकच वाक्य बोललो होतो, फार तर दोन. दुपारपर्यंत ते बाळापूरला पोचलं. संध्याकाळी माझी बायको नळावरून आली तर घागर अर्धीच भरलेली. बाया तिला बघून गप्प झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी थोरल्याचा फोन आला, "बाबा, काय करून ठेवलं तुमी? मला इथं गावातून तीन फोन आले. म्हन्तेत, बहीन गाडीवाल्यासंगं पळून जानार व्हती, बापानं स्टँडवर पकडली." मी म्हणालो, पळून जाणार नव्हती. माझ्या तोंडून ते असंच निघून गेलं. त्यानं इचारलं, "मग तुमी काय पकडलं?" मी फोन बायकोच्या हातात दिला.

पोरीनं कॉलेज सोडलं. मी सोड म्हणालो नव्हतो. तिनंच दप्तर खुंटीला अडकवलं आणि आतल्या खोलीत जाऊन बसली. जेवायला मी असेपर्यंत यायची नाही. घरातलं धाडधाड बंद झालं होतं, हेच तर मला पाहिजे होतं. आता संध्याकाळी अंगणात बसलो की घर इतकं गप्प असायचं की शेजारच्या टीव्हीतल्या जाहिराती शब्द न् शब्द ऐकू यायच्या.

चौथ्या दिवशी दुपारी मी कामाला निघालो तर बायको दारात आडवी उभी राहिली. तिच्या हातात तिचा फोन.

"बसा."

"मला काम हाय."

"काम गेलं उडत. बसा म्हन्ते."

लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं मला असं कधी सांगितलं नव्हतं. मी ओट्यावर बसलो. तिनं एक मालिका लावली. खाली ठेंगणं मेज, त्याच्यामागं मांडी घालून बसलेला एक म्हातारा. माझ्याच वयाचा असेल, चेहरा तापलेला. समोर त्याचा पोरगा गुडघ्यावर बसलेला, चांगला तीस-पस्तिशीचा बाप्या, मान खाली. म्हातारा काहीतरी खडसावून बोलला. पोरगा म्हणाला, "ने, आबोजी."

"काय म्हनला?"

"ने म्हनला."

"काय न्यायला सांगितलं त्यानं?"

"काहीच न्यायला न्हाई सांगितलं. बघा नीट."

"पुन्हा लाव."

तिनं पुन्हा लावलं. म्हातारा खडसावला, पोरानं मान अजून खाली घातली, "ने, आबोजी." त्यानं काही उचललं नाही, काही नेलं नाही, जागचा हलला नाही.

"आबोजी म्हंजे कोन?"

"बाप. आपन आबा म्हन्तो तसं."

मी माझ्या बापाला आबाच म्हणायचो. करणी हातात देताना त्यानं इचारलं होतं, येशील न कामावर? तवा मी असाच बसलो होतो, मान खाली घालून, आणि व्हय म्हणालो होतो. पोरगं बापासमोर ज्या मानेनं व्हय म्हणतं ती मान मला कुणी समजावून सांगायला नको. तिसऱ्यांदा लाव म्हणालो नाही.

बायकोनं मग दुसरं लावलं. तेच कपाटाच्या दारातले पाच जण. गाणं नेहमीचंच, धाडधाड. पण मी आजवर ते नुसतं भिंतीआडून ऐकलं होतं, बघितलं कधीच नव्हतं. स्लॅबच्या दिवशी माणसं ओळीनं उभी राहतात, आणि घमेलं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात राहतं. ज्या दिवशी ओळ बसते त्या दिवशी कुणाला बघावं लागत नाही, हात आपोआप तिथं असतो. मी आयुष्यात अशी ओळ चार-पाच वेळा बघितली असेल. ही पोरं तशी होती. पाच जणांचे दहा हात, एकही सुताएवढा मागं नाही. ओठ रंगवलेले असोत नाहीतर काय. ही एका दिवसाची मेहनत नाही, हे मला कळलं. कामाची माणसं होती ती.

"हे ती गॅदरिंगला करनार व्हती," बायको म्हणाली. "ती अन् टेलर मामूंची पोरगी. तीन महिने झाले शिकून राहिल्या व्हत्या, कॉलेज सुटल्यावर मामूंच्या माळवदावर. कपडे मामूंनीच शिवले, त्यांच्याच घरी ठेवले व्हते. तुमाला शेवटच्या दिवशी सांगनार व्हती, बगायला चला म्हनून."

"गॅदरिंग कवा हाय?"

"काल झालं."

मामूंच्या पोरीनं एकटीनं नाच केला नाही. नाव मागं घेतलं म्हणे तिनं. हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी मी पिशवीतून फोन काढला. त्याच्यावर सिमेंटची पूड बसली होती. फडक्यानं पुसला आणि पोरीच्या पुस्तकांवर नेऊन ठेवला. ती पलंगावर भिंतीकडं तोंड करून बसली होती. मला वाटलं होतं, फोन ठेवला म्हणजे तिला समजेल. तिनं हातबी लावला नाही.

"मला कळलं," मी म्हणालो. "ते ने म्हंजे काय ते."

"मला तर पहिलंच माहीत व्हतं, बाबा."

"मग आता कॉलेजला जा."

ती वळली. डोळ्यात पाणी नव्हतं. असतं तर मला सोपं गेलं असतं. "कशी जाऊ? मला घरात सांगून काय उपेग? जिथं बोललात तिथं सांगा. तेवढ्याच लोकांसमोर."

मी उठून बाहेर आलो.

मला एक सांगितलं पाहिजे. पन्नास वर्षांत मी एकाबी मालकाला 'चुकलं' म्हणालेलो नाही. तरणा असताना एकदा हट्टा गावाच्या बाजूला एका घराची भिंत माझ्या हातून दोन बोटं बाहेर गेली. मालक यायच्या आत मी ती पाडली, स्वतःच्या पदरच्या विटा लावून पुन्हा चढवली, आणि दोन दिवस उशीर काहून झाला इचारलं तर पाणी नव्हतं म्हणालो. चुकलेलं पाडून टाकायचं, बोलायचं नाही, हीच माझी रीत. पण स्टँडवर जे बोललो होतो ते पाडता येत नव्हतं. पन्नास जणांच्या घरात ते जाऊन बसलं होतं.

सहा दिवस मी गेलो नाही. रोज सकाळी स्टँडपर्यंत जायचो आणि बाजूच्या रस्त्यानं कामावर निघून जायचो. दोन वेळा तर आप्पानं मला बघितलं आणि तोंड फिरवलं. बायको नुसतं ताट पुढ्यात ठेवायची, तेबी जरा लांब. सातव्या दिवशी कॉलेजातून निरोपाची चिठ्ठी आली की हजेरी कमी पडून राहिली, परीक्षेला बसू देणार नाहीत. पोरीनं तो निरोप वाचला, घडी केली आणि पुस्तकात ठेवून दिला. ठेवून दिला, म्हणजे तिनं सोडून दिलं. मला तसं दिसलं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी मुद्दाम तोच दिवस धरला, माणसं त्या दिवसापेक्षा जास्तच होती. हॉटेलच्या बाकापाशी उभा राहिलो. आवाज एकदम मोठ्यानं निघाला, स्लॅबवर माणसांना हाक मारतात तसा.

"आयका. मी त्या दिवशी इथं आप्पाला अन् माझ्या पोरीला जे बोललो ते खोटं व्हतं. माझी पोरगी तिच्या मैत्रिणीसंगं फोनवर कोरियाच्या भाषेत बोलत व्हती. त्या भाषेत ओप्पा म्हंजे भाऊ, मला आप्पा ऐकू आलं. अन् त्या भाषेत ने म्हंजे हो. मला कळलं न्हाई. माझं चुकलं."

मग हॉटेलवाल्यानं इचारलं, "कोनती भाषा मिस्तरी?"

"कोरियाची."

"अन् ने म्हंजे हो?"

"हो."

"मग एक चहा देऊ का तुमाला?"

बाकावरून कुणीतरी ओरडलं, "ने म्हना की मिस्तरी!" आणि सगळा स्टँड हसला. पोटं धरधरून हसले. भाजीवाल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक जण तर हसताना बाकावरून घसरला. मी उभा राहिलो. मान खाली घातली नाही, पण वर करायलाबी जमली नाही.

आप्पा हसला नाही. गर्दी पांगल्यावर मी त्याच्याकडं गेलो.

"तकलीफ झाली तुला," मी म्हणालो.

"माझ्या बायकोनं दहा-बारा दिवस मला भाकर वाढली न्हाई मिस्तरी. पोरींच्या हातनं धाडायची." तो गाडीची काच पुसत होता, पुसलेलीच पुन्हा पुसत होता. "तुमी सगळ्यांसमोर बोलले, माझ्याकडून झालं गेलं. पन तुमची पोरगी आता माझ्या गाडीत नको. पोरीचा काहीच दोष न्हाई, मला माहीत हाय. पन ती बसली की लोक माझ्या आरशात बघतेत, मी मागं बघून राहिलो का म्हनून. मलाबी दोन हायेत."

मी पिशवी उचलली आणि कामाच्या रस्त्याला लागलो.

गावानं मला सोडलं नाही. पोरं लांबून बघितलं की आरोळी ठोकायची. कामावरची माणसं वीट मागितली की 'ने' म्हणून हातात द्यायची आणि हसायची. विहारात एका म्हाताऱ्यानं मला सगळ्यांसमोर इचारलं, कोरियात वंदना कशी म्हन्तेत मिस्तरी? पहिले काही दिवस मी भांडलो. मग माझ्या ध्यानात आलं की लोक माझ्यावर हसून राहिले तोवर तिच्यावर बोलून राहिलेले नाहीत. नळावर आता बाया माझ्या बायकोला मालिकांची नावं इचारायला लागल्या होत्या. तिथून पुढं मी भांडणं सोडलं. आयुष्यभर सांभाळलेलं जे होतं ते गेलं, आणि जाऊन काही कामाला तरी आलं.

पोरगी कॉलेजला जायला लागली. सकाळच्या एस्टीनं, जी जीपपेक्षा तासभर आधी निघते. मामूंची पोरगी स्वतः जाऊन सरांना भेटली, हजेरीचं काहीतरी जमलं. परीक्षा झाली, पास झाली. माझ्याशी बोलते आता. चहा देते, कामाचं इचारते, पायाला फोड आला तर मलम आणून देते. पण गाणं आता कानात घालून ऐकते. घरात आवाज येत नाही. एकदा मी मुद्दाम म्हणालो, मोठ्यानं लाव, मला काही त्रास न्हाई. ती म्हणाली, "असू द्या बाबा, सवय झाली." कपाटाच्या दारातले ते पाच जण अजून आहेत की काढले, मला माहीत नाही. बिजागरी पुन्हा ढिली झाली आहे, पण मी ते दार उघडलेलं नाही.

यंदा तिसरं वर्ष संपलं. पुढचं शिकायला नांदेडला जाणार, होस्टेलवर राहणार, असं मला तिच्या मायकडून कळलं. परवा संध्याकाळी दोघी ओट्यावर होस्टेलचा फॉर्म घेऊन बसल्या होत्या. खाली 'पालकाची सही' अशी जागा असते. माझी सही चांगली आहे, चौथी शिकलो तरी. खाली रेघ ओढून दोन टिंबं देतो, ठेकेदारसुद्धा बघत राहतात. पोरीची माय कालपरवापर्यंत अंगठा लावायची, हिनंच तिला नाव लिहायला शिकवलं. ती जीभ दातात धरून एकेक अक्षर काढत होती आणि पोरगी तिच्या मनगटाला हात लावून, "सावकाश, सावकाश," म्हणत होती.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. "माझी सही नको का?"

पोरगी वर बघून म्हणाली, "एकाचीच लागती, बाबा." रागानं नाही म्हणाली.

त्या दोघी आत गेल्यावर मी फॉर्म उचलून, बोट ठेवून, खालपर्यंत वाचला. खरंच एकाच सहीची जागा होती.